पोरगं सेटल झालं का? यश म्हणजे काय हे स्वतः ठरवायचं तर नेमकं काय काय करायचं

आपल्या सांगली भागात कुणाचंही पोरगं किंवा पोरगी पंचविशीला आली की तीन प्रश्न ठरलेले असतात, काय करतंय, कुठं असतं आणि पर्मनंट आहे का. उत्तर ऐकून समोरचा मनातल्या मनात पास-नापास ठरवून मोकळा होतो. वाईट हेतूनं विचारतात असं नाही, बहुतेक जण काळजीनंच विचारतात, पण होतं काय की दहा-दहा वर्षं या तीन प्रश्नांची उत्तरं जुळवण्यात गेलेला माणूस एक दिवस सगळं जुळल्यावर म्हणतो की अरे हे मला पाहिजेच नव्हतं. अशी बरीच माणसं आपल्या आजूबाजूला आहेत, हुशार आहेत, कष्टाळू आहेत आणि आतून फार दमलीत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. "माझ्या दृष्टीनं यश म्हणजे समाधान" असं म्हणून विषय सोडून देणं याला मी व्याख्या धरत नाही. ज्या व्याख्येत तुम्ही नापास होऊच शकत नाही ती पळवाट आहे. अटी तुमच्या स्वतःच्या पाहिजेत हे शंभर टक्के खरं, पण त्या कागदावर लिहिता आल्या पाहिजेत आणि वर्षानं तुमच्या बायकोनं किंवा भावानं ते वाचलं तर त्यांना सांगता आलं पाहिजे की हे झालं आणि हे झालं नाही.

एक वही घ्या आणि दोन-तीन रविवारची सकाळ मोकळी ठेवा. मोबाईलवर लिहू नका, हातानं लिहा. खोडलेलंही दिसलं पाहिजे, कारण काय खोडलं त्यातनंच पुढं बरंच कळतं.

आधी उसनं काय आहे ते वेगळं काढा

"मला ... पाहिजे" अशी वाक्यं लिहायला घ्या. सरकारी नोकरी पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे, फॉर्च्युनर पाहिजे, गावात बंगला पाहिजे, पोरं इंग्लिश मिडियमला पाहिजेत, जे येईल ते. लाजू नका. वीसेक वाक्यं झाली की प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा कुणी घातलं, त्यांना तेव्हा कुठली अडचण होती, आणि ती अडचण आज मला आहे का.

हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडं यशाच्या ज्या तयार व्याख्या आहेत ना, त्या कुणी वेडेपणानं केलेल्या नाहीत, प्रत्येकीमागं खरं कारण होतं. विटा, खानापूर, आटपाडीकडं बघा. पाऊस नाही, शेतीत काही नाही, म्हणून तिथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्याला बाहेर पडली आणि अख्ख्या देशात पसरली. तिथं यशस्वी कोण, तर परमुलखात दुकान टाकून गावात बंगला बांधणारा. दुष्काळात जगायचा तोच रस्ता होता आणि त्या लोकांनी तो जिद्दीनं काढला. पण आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी त्या भागात बऱ्याच ठिकाणी पोचलंय, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत, आणि तरी "बाहेर गेला तोच सुधारला" हे वाक्य तसंच चालू आहे. तुमच्या गावात पाणी आलं असेल आणि तुम्हाला शेतीच करायची असेल तर हे वाक्य तुमच्यासाठी नाही. पाणी आलं नसेल तर ते अजून खरंच आहे, आणि ते मान्य करायलाही लाजायचं कारण नाही.

तसंच पर्मनंट नोकरीचं. ज्या आजोबांनी घरात एकही महिना पक्का पगार बघितला नाही त्यांना दर महिन्याच्या एक तारखेचं मोल कळलं होतं. वाळवा-इस्लामपूरकडं एकरी १०० टन उसाचं स्वप्न, तासगावकडं एक्सपोर्टची द्राक्षं, मिरजेत डॉक्टरकी, सगळ्यांच्या मागं असंच काहीतरी आहे. त्यामुळं उसनी व्याख्या दिसली की लगेच फाडून टाकू नका. तिचं कारण आजही तुमच्या घरात हजर असेल तर ठेवा, ती तुमचीच झाली. कारण संपलं असेल तर त्यावर रेघ मारा.

स्वतःविषयीचा पुरावा गोळा करा

आता "मला काय आवडतं" असा विचार करत बसू नका. असं बसलं की डोक्यात भारी भारी गोष्टी येतात, गिटार, ट्रेकिंग, जग फिरायचं वगैरे, आणि त्यातल्या निम्म्या रीलमधनं आलेल्या असतात. त्यापेक्षा गेलं वर्ष काय सांगतंय ते बघा. कुणी न सांगता, पैसे न मिळता कुठलं काम केलंत? लोक तुमच्याकडं कशासाठी येतात, मोटर बिघडली म्हणून, पोराला गणित समजत नाही म्हणून, भांडण मिटवायला, का कार्यक्रमाचं सगळं नियोजन करायला? कुठलं काम करताना जेवायची वेळ टळून गेली? आणि उलट बाजूनं, कुठल्या कामाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही?

यात अजून एक पुरावा असतो जो लोक लपवतात, तो म्हणजे जळणं. कुणाचं काय बघून पोटात दुखतं ते खरं लिहा, ती वही कुणाला दाखवायची नाहीये. मग त्याचे तुकडे करा. समजा तुमच्या बॅचचा एक जण हिंजवडीत आहे, तगडं पॅकेज आहे. तुम्हाला त्यातलं काय पाहिजे? त्याचे पैसे, त्याचं काम, का गावात आल्यावर त्याला मिळणारा मान? हे ओळखायला त्याचा एक साधा कामाचा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढा, माहीत नसेल तर फोन करून विचारा, मोकळेपणानं सांगतात लोक. ट्रॅफिक, रात्रीचे कॉल, आई-बाप आजारी पडले तर पुण्याहून धावपळ, हे सगळं धरून तो मंगळवार हवासा वाटतोय का? वाटत असेल तर खरंच जा, त्यात काही कमीपणा नाही, आणि उगीच "आपलं गाव बरं" म्हणत मन मारू नका. नसेल वाटत तर तुम्हाला फक्त पैसे पाहिजेत किंवा फक्त मान पाहिजे, आणि त्या दोन्हीला दुसरे रस्ते आहेत.

पुरेसे पैसे म्हणजे किती, आकडा काढा

हा भाग टाळू नका, हात जोडून सांगतो. पैशाचा आकडा न काढता स्वतःच्या अटींवर जगायच्या गप्पा मारणारी माणसं दोन वर्षांत परत तिथंच येतात, आणि मग घरचे म्हणतात आम्ही सांगत होतो.

गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि फोनपे-गुगल पेची हिस्ट्री काढा. महिन्याचा खरा खर्च, म्हणजे किराणा, दूध, गॅस, लाईट बिल, पेट्रोल, पोरांची फी, आई-बाबांची औषधं. त्याच्या खाली वर्षातनं एकदा येणारा खर्च, जो सगळे विसरतात: गाडीचा इन्शुरन्स, मेडिक्लेम, घरपट्टी, दिवाळी, गावची यात्रा, आणि लग्नसराईतले आहेर, जे आपल्याकडं काही कमी नसतात. त्याला १२ नं भागा. मग कर्जाचे हप्ते, मग दर महिन्याची शिल्लक. नुसतं उदाहरण म्हणून, महिन्याचा खर्च २८ हजार, वर्षाचे ८४ हजार म्हणजे महिन्याला ७ हजार, हप्ता ९ हजार आणि शिल्लक ६ हजार. झाले ५० हजार. हा तुमचा "पुरेसा" आकडा. आत्ता मिळतायत ३८ हजार तर १२ हजारांचा खड्डा आहे, आणि तो खड्डा दिसला की निम्मी भीती कमी होते, कारण आतापर्यंत नुसतं "पैसे पुरत नाहीत" एवढंच माहीत होतं.

पगार नसलेल्यांनी महिन्याचा हिशोब धरू नये. द्राक्षवाल्याचं ऑक्टोबर छाटणीपासनं माल जाईपर्यंत सगळं हवेवर असतं, एका अवकाळीनं दावण्या रोग आला की वर्ष गेलं, दुसऱ्या वर्षी दर चांगला मिळाला की मागचं सगळं भरून निघतं. अशांनी तीन ते पाच वर्षांची सरासरी काढा आणि त्या सरासरीवर घर चालवा, चांगल्या वर्षावर नाही. चांगल्या वर्षाच्या जोरावर गाडी घेतली आणि वाईट वर्षात तिचे हप्ते भरले नाहीत असं होतं आणि मग बाग नव्हे, शेतकरीच अपयशी ठरतो.

याशिवाय सहा महिन्यांचा खर्च बाजूला पाहिजे. वरच्या उदाहरणात शिल्लक सोडून ४४ हजार खर्च आहे, म्हणजे २ लाख ६४ हजार. २०१९ च्या पुरात ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं त्यांना हे सांगावं लागत नाही. आणि महागाई, ती वर्षाला ६ टक्के धरली तर आजचे ५० हजार १२ वर्षांनी एक लाख व्हायला लागतात (७२ ला ६ नं भागायचं, एवढंच गणित), तर आकडा दर वर्षी नवा काढायचा.

आकड्याच्या वर जे मिळेल ते वाईट नाही, जरूर मिळवा. पण त्यासाठी संध्याकाळ, तब्येत किंवा पोरांचं लहानपण जात असेल तर आता तुम्हाला माहीत असतं की हे गरजेपोटी चाललेलं नाही.

दुसऱ्याच्या हातातलं व्याख्येत घालू नका

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ घेतलं, स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मला याचा राग येतो आणि येतच राहील. पण आपल्या कामासाठी यातनं एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कुस्ती मारणं हे पैलवानाकडं असतं, सन्मान कधी द्यायचा हे दुसऱ्या कुणाकडं तरी असतं. पुरस्कार, प्रमोशन, फॉलोअर्स, गावातला मान, सासरच्यांचं कौतुक, हे मिळालं तर आनंदच आहे, पण व्याख्येच्या वाक्यात हे शब्द आले की तुमचं यश दुसऱ्याच्या मर्जीवर गेलं.

याच्या बदल्यात कामाचं आतलं माप शोधा. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत गेलात तर बघा, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, नीट लागलीय का नाही हे कारागिराला कळतं आणि वाजवणाऱ्याला कळतं. दुकानाची पाटी केवढी आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. तुमच्या कामातली जवारी कुठली? शिक्षक असाल तर वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला वाचता येतंय का, नर्स असाल तर पेशंटला विचारायची भीती वाटत नाही ना, अकाउंट्स बघत असाल तर मार्चमध्ये धावपळ न होता सगळं जुळतंय का. प्रत्येक कामात असं एक माप असतं. ते सापडायला वेळ लागतो, त्या कामातल्या जुन्या माणसाला विचारलं तर लवकर सापडतं.

आता वाक्य लिहा

एकच परिच्छेद, पाच-सहा ओळी. त्यात काय काम, किती पैसे, कुणासोबत आणि कुठं, कधीपर्यंत, आणि त्यासाठी काय सोडणार हे सगळं आलं पाहिजे. शेवटचं सगळ्यात अवघड जातं आणि लोक तेच गाळतात. एक नमुना देतो, समजा मिरजेत राहणारी तिशीतली बाई आहे, फार्मसी झालीय, लग्नानंतर नोकरी सुटली:

"पुढच्या दोन वर्षांत माझं स्वतःचं मेडिकल दुकान घराच्या दोन किलोमीटरच्या आत चालू झालेलं असेल आणि तिसऱ्या वर्षापासनं खर्च जाऊन महिन्याला निदान ३० हजार माझ्या खात्यावर येतील. आठवड्यातल्या पाच संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाला मी घरी असेन. यासाठी नवीन फ्लॅटचा विचार तीन वर्षं बंद आणि सणावाराचं सगळं एकटीनं करणं बंद."

बघा यात नापास व्हायची जागा आहे. तीन वर्षांनी खात्यावर १२ हजार येत असतील तर ते दिसणार. आणि "सणावाराचं एकटीनं करणं बंद" हे लिहिल्यामुळं घरात बोलावं लागणार, नुसतं मनात धरून चालणार नाही. बायकांच्या व्याख्येत हे सोडायचं वाक्य नसेल तर बाकीची सगळी वाक्यं त्यांच्या झोपेतनं आणि तब्येतीतनं वसूल होतात, म्हणून त्यांनी ते मोठ्या अक्षरात लिहावं असं मला मनापासून वाटतं.

इशारा पातळी आणि धोका पातळी

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी हे सांगलीत लहान पोरालाही पाठ असतं. या पातळ्या पाणी चढायच्या आधी ठरलेल्या आहेत म्हणून कामाला येतात, पाणी दारात आल्यावर ठरवायला बसलो असतो तर प्रत्येक जण म्हणाला असता अजून थोडं थांबू. तुमच्या व्याख्येलाही अशा दोन पातळ्या आजच लिहा.

याची सगळ्यात जास्त गरज स्पर्धा परीक्षावाल्यांना आहे. अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन रात्री अकराला बाहेर पडणारी पोरं-पोरी बघितली की जीव तुटतो, कष्टाला तोड नाही, पण कधी थांबायचं हे बहुतेकांनी लिहिलेलं नसतं. यूपीएससीनं निदान खुल्या गटाला ६ प्रयत्न आणि ३२ वय अशी सीमा घातलीय. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटात ३८ पर्यंत वय चालतं, पण चालतं म्हणून बसायचंच असं कुठंय? इशारा पातळी अशी असू शकते की सलग दोन वेळा पूर्वपरीक्षा निघाली नाही तर अर्धवेळ काम सुरू करायचं, क्लासवर शिकवणं असेल, बँकेतलं काही असेल. धोका पातळी म्हणजे वयाचा एक आकडा किंवा घरातनं घेतलेल्या पैशाचा एक आकडा, त्याच्यापुढं पूर्ण वेळ अभ्यास बंद. हे लिहून थांबलेली व्यक्ती हरलेली नाही, तिनं स्वतःचा शब्द पाळलाय.

नोकरी सोडायच्या आधी छोटी चाचणी

समजा तुमचं वाक्य हळदीच्या स्वतःच्या ब्रँडचं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, मार्केट यार्ड जवळ आहे, कल्पना चांगली आहे. पण हळदीचं पीक नऊ महिन्यांचं, शिजवून वाळवली की ओल्या मालाचा साधारण पाचवा हिस्सा उरतो, मग पॉलिश, मग दळण, मग पॅकिंग. हे सगळं एकदम अंगावर घेण्यापेक्षा अडत्याकडनं थोडी पॉलिश हळद घ्या, दळून घ्या, खायचा माल विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी काढा, आणि तीन महिन्यांत अनोळखी लोकांना विकून दाखवा. पाहुण्यांनी घेतलेली पाकिटं मोजायची नाहीत, ते तुमच्या प्रेमापोटी घेतात. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा मागायला आला की ते एक मोजायचं. या तीन महिन्यांत पैशापेक्षा महत्त्वाचं हे कळतं की दुकानादुकानात जाऊन बोलायचं, उधारी मागायची, पाकिटं फुटली तर परत घ्यायची, हे रोजचं काम तुम्हाला झेपतंय का. नाही झेपलं तर वाक्य बदला, अजून नोकरी आहेच.

घरी कसं सांगायचं

कर्मवीर भाऊराव पाटलांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, ऐतवडे बुद्रुक. १९१९ ला त्यांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपण हे अभिमानानं सांगतो आणि सांगावंच, पण मला त्यात अजून एक दिसतं, एकानं ठरवलेल्या यशाची किंमत घरातलं दुसरं कुणीतरी भरत असतं. म्हणून ज्यांच्या खिशातनं, झोपेतनं, दागिन्यातनं ते जाणार आहे त्यांना आधी विचारायचं.

सांगताना "पॅशन", "ड्रीम" असले शब्द वापरू नका, वडिलांना त्यातनं फक्त धोका ऐकू येतो. त्यांच्या भीती वेगळ्या वेगळ्या असतात, तुझं लग्न कसं जमणार, आम्ही आजारी पडलो तर, आणि चार लोक काय म्हणतील. प्रत्येकीला वेगळं उत्तर द्या. "आण्णा, तुमच्या मेडिक्लेमचा हप्ता मी बाजूला काढलाय, ही पावती. पुढच्या दिवाळीपर्यंत मला वेळ द्या. तोपर्यंत महिन्याला २० हजारसुद्धा नाही झाले तर मी परत नोकरी बघणार, तुम्ही सांगायच्या आधी." एवढं बोला आणि गप्प बसा. लगेच हो म्हणणार नाहीत. चार दिवसांनी आई विचारेल, "काय रे ते दिवाळीचं खरंच ना?" तेव्हा समजायचं की घरात त्यावर बोलणं झालंय. चार लोकांच्या प्रश्नाला मात्र लांबलचक समजावत बसायची गरज नाही, लग्नात कुणी विचारलं तर "बरं चाललंय, काम चालू आहे, तुमचं कसं काय?" एवढं पुरतं.

वर्षातनं एकदाच तपासा

रोज रोज "मी यशस्वी आहे का" असं मनाला विचारत बसलं की माणूस खचतो. एक दिवस ठरवा, पाडवा घ्या किंवा वाढदिवस घ्या. त्या दिवशी वही काढायची, वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि प्रत्येक तुकड्यासमोर झालं, नाही झालं, निम्मं झालं एवढंच लिहायचं. मध्ये कितीही वाटलं तरी वाक्य बदलायचं नाही, अपवाद फक्त घरात खरंच काही बदललं तर, मूल झालं, कुणी आजारी पडलं, जागा बदलावी लागली. भाऊबंदातल्या कुणीतरी नवीन गाडी घेतली हा बदल धरायचा नाही.

जे झालं नाही त्याची तारीख लगेच पुढं ढकलू नका. आधी त्याच्या खाली कारण लिहा: वेळ दिला नाही, पैसे कमी पडले, का मनापासनं नकोच होतं. वेळ आणि पैशाचं कारण असेल तर नवी तारीख टाका आणि त्या वेळेसाठी आणखी काय सोडणार तेही सोबत लिहा. तिसरं कारण आलं असेल तर तो तुकडा खोडा आणि वही परत पहिल्या पानावर, त्या वीस वाक्यांकडं न्या, बहुतेक वेळा तिथं रेघ मारायची राहिलेली एखादी उसनी ओळ सापडते.